वाड्याचं सागवान उक्तं विकू नका

वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात झोपाळ्याच्या कड्यांविषयी लिहिताना सागवानाचा ओझरता उल्लेख केला होता. या महिन्यात आलेली निम्म्याहून जास्त पत्रं सागवानावरच निघाली, तेव्हा हा महिना सागाचा. नव्या वाचकांसाठी थोडी ओळख: चंद्रपुरात आमची लाकडाची वखार होती आणि वडिलांच्या मागे मी ती अठ्ठावीस वर्षं सांभाळली. इथे जे सांगते ते त्या वखारीत, करवतीच्या भुशात उभं राहून शिकलेलं आहे.

ताई, वाईत आमचा शंभरेक वर्षांचा वाडा आहे. भावकीत वाटण्या झाल्या, आता पाडून नवीन बांधायचं ठरलंय. जुन्या लाकडाचा एक व्यापारी येऊन गेला. "लाकूड सगळं किडकं आहे, पाडायची मजुरी मी घालतो, वर तुम्हाला एवढे देतो," असं म्हणून उक्ती रक्कम सांगून गेला. घरात सगळे म्हणतात, देऊन टाका. मला मात्र धीर होत नाही. सोबत माजघराची मापं पाठवली आहेत. – एक वाचक, वाई

तुम्हाला धीर होत नाही हे बरं आहे. हात जोडून सांगते, या महिन्यात कुणाकडूनही विसार घेऊ नका.

माझ्या मामांचा वाडा वर्धा जिल्ह्यात होता. २००९ साली तो असाच उक्ता गेला. मला कळेपर्यंत दोन दिवस होऊन गेले होते. तिसऱ्या दिवशी पोचले तेव्हा ट्रक अर्धा भरला होता. ओसरीचा एक खांब जमिनीवर आडवा पडलेला, ट्रकमध्ये मावावा म्हणून मधोमध कापलेला. बाहेरून तो काळाकुट्ट होता, धुराने आणि तेलाच्या हातांनी माखलेला. कापलेली बाजू मात्र मधासारखी पिवळी-तपकिरी, आणि तिला तो वास, नवीन चपलेच्या चामड्यासारखा आणि थोडा तेलकट. शंभर वर्षांच्या लाकडाला आतून वास येत होता. मामी पायरीवर बसल्या होत्या. त्यांना मी एवढंच विचारलं, की मोजलं का होतं? कुणीच मोजलं नव्हतं. "किडकं आहे म्हणाला ना तो," एवढंच त्या म्हणाल्या.

म्हणून पहिलं काम मोजायचं. टेप, वही आणि घरातली दोन माणसं घ्या. जुनं चौरस लाकूड मोजायला सोपं असतं. रुंदी इंचात, जाडी इंचात आणि लांबी फुटात घ्यायची, तिन्हींचा गुणाकार करायचा आणि १४४ ने भागायचं, की घनफूट आले. तुमच्याच मापांनी करू. ६ बाय ६ चा आठ फुटी खांब म्हणजे २ घनफूट. असे आठ खांब, १६ घनफूट. ६ बाय ८ ची बारा फुटी तुळई ४ घनफूट. चार तुळया, आणखी १६. कड्या, म्हणजे छताखालचे आडवे वासे, ३ बाय ५, दहा फुटी, चौदा नग. त्यांचे साडेचौदा घनफूट. एका माजघरात साडेशेहेचाळीस घनफूट झाले. वाळलेलं सागवान घनफुटाला अठरा-साडेअठरा किलो भरतं, म्हणजे तुमच्या माजघरातच साडेआठशे किलोच्या घरात लाकूड उभं आहे. अजून ओसरी, माडी, दारं, चौकटी, जिना मोजायचे राहिले.

आता तीन वखारींत जा, जुनं कापीव सागवान विकत घ्यायला आल्यासारखं जा, आणि घनफुटाचा दर विचारा. त्यातून व्यापाऱ्याची मजुरी, गाडीभाडं, कापाई, घट आणि त्याचा नफा वजा जाणारच. तो त्याचा धंदा आहे आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण उक्ती रक्कम आणि तुमचा हिशेब शेजारी मांडलात की घरातल्या माणसांना वेगळं समजवावं लागणार नाही.

आता "किडकं" या शब्दाविषयी. झाडाच्या खोडात मधला गाभा आणि साल याच्यामध्ये पांढरट लाकडाचा एक थर असतो. झाड जिवंत असताना पाणी त्यातून चढतं, त्यात पिष्ट साठतं, आणि भुंग्याला, वाळवीला तेच हवं असतं. गाभ्यात हे अन्न नसतं, उलट कीड आणि बुरशी यांना न सोसणारी तेलकट द्रव्यं असतात. सागाचा टिकाऊपणा म्हणतात तो सगळा या गाभ्याचा. जुन्या कारागिराने कड्या तासताना कोपऱ्यावर थोडं पांढरं राहू दिलेलं असतं. तेवढंच किडतं, पिठासारखी भुकटी पडते, आणि पाहणाऱ्याला वाटतं अख्खी कडी गेली. एक जाड स्क्रूड्रायव्हर घ्या आणि टोचत चला. अर्ध्या-पाऊण इंचावर जर तो कडक लाकडावर अडकला, तर आतलं सगळं शाबूत आहे. खरी भीती दोन ठिकाणी असते: कडीचं टोक जिथे भिंतीत गेलेलं आहे तिथे, आणि खांब तळखड्यावर, म्हणजे पायाखालच्या दगडावर, न बसता जमिनीच्या ओलीत बसला असेल तर त्याच्या पायाशी. ओल आणि माती कायम लागून राहिली तर सागाचा गाभासुद्धा हरतो. तिथला फूटभर कापून टाका, बाकीचं ठेवा.

वाड्यातलं सगळंच लाकूड सागवान असेल असं धरून चालू नका. आपल्याकडे खांब आणि दारं सागाची, कड्या ऐनाच्या, कुठे बिजाच्या म्हणजे तुमच्याकडच्या बिबळ्याच्या, असं मिश्रण सर्रास असतं. ओळखायचं असं: न दिसणाऱ्या टोकाशी पटाशीने एक ढलपी काढा. साग सोनेरी-तपकिरी, बोटाला मेणचट लागतो, वास येतो. आडव्या कापाची बाजू धारदार पात्याने साफ करून भिंगाखाली धरलीत तर प्रत्येक वर्षाच्या वळीच्या सुरुवातीला मोठ्या छिद्रांची एक रांग दिसेल; ऐनात अशी रांग नसते आणि ऐन हाताला चांगलाच जड लागतो. बिजाची शंका आली तर ढलपी पेलाभर पाण्यात टाकून ठेवा आणि पेला उन्हात धरा. पाण्याला निळसर झाक आली की तो बिजा. माझ्या वडिलांनी मी सहावीत असताना हे करून दाखवलं होतं, आणि तेव्हापासून मी वखारीत जायचा हट्ट धरायला लागले.

विकण्यापेक्षा माझं मन नेहमी वापरण्याकडे असतं. तुमचा ६ बाय ६ चा खांब मधोमध चिरला तर पावणेतीन इंच जाडीचे दोन उभे निघतात, म्हणजे एका खांबात नव्या घराच्या एका दाराच्या चौकटीचे दोन्ही उभे झाले. आठ खांबांत आठ दारांचे उभे. असं लाकूड आज बाजारात नवीन मागून मिळत नाही, कारण एवढ्या वयाची झाडंच आता क्वचित तोडली जातात. फक्त कापायला देण्याआधी प्रत्येक नग चुंबक फिरवून खिळ्यांसाठी तपासा. आत मोडलेला एक खिळा मिलचं पातं खातो, आणि मग मिलवाला जुनं लाकूड घ्यायलाच तयार होत नाही. कापल्यावर लगेच चौकट जोडू नका. पट्ट्या घालून, हवा खेळेल अशी थप्पी सावलीत महिनाभर राहू द्या. शंभर वर्षं एका अंगाने ताणलेलं लाकूड चिरल्यावर थोडं अंग मोडतं. ते आधी मोडून घेऊ द्यावं.

कोरीव खांब, गणेशपट्टी, महिरपी यांना मात्र करवत लावू नका. ते घनफुटाच्या हिशेबात मोजायचंच नाही.

आणखी एक. सागाच्या वाहतुकीला वनखात्याचा परवाना लागतो. लाकूड गावाबाहेर न्यायचं असेल तर पाडकाम सुरू होण्याआधी वाड्याचे सगळ्या बाजूंनी फोटो काढा, नगरपालिकेचा कागद घ्या आणि वनपरिक्षेत्र कार्यालयात जाऊन विचारून या. नंतर धावपळ करण्यापेक्षा ते सोपं जातं.

सागवानी दार पावसाळ्यात फुगतं, लागत नाही. सुतार म्हणतो, "सागवान फुगतच नाही, चौकट सरकली असेल." खरं काय? – एक वाचक, कोथरूड, पुणे

फुगत नाही असं लाकूड नाही. साग कमी फुगतो, आणि त्याची सगळी प्रतिष्ठा या "कमी"वर उभी आहे. पूर्ण ओला साग कोरडाठक होईपर्यंत त्रिज्येच्या दिशेने साधारण अडीच टक्के आक्रसतो, वळीच्या दिशेने पाच टक्क्यांच्या आसपास. लांबीत जवळजवळ नाहीच. म्हणून दार नेहमी रुंदीत अडतं.

तुमचं दार दिलहेदार आहे असं फोटोत दिसतं, मधे चौकोनी दिलहे आणि भोवती उभ्या-आडव्या पट्ट्या. ही रचना फुगण्याची सोय म्हणूनच निघाली. दिलहा खाचेत सुटा बसतो, आतल्या आत फुगतो आणि आक्रसतो. दाराच्या रुंदीत भर पडते ती फक्त दोन उभ्या पट्ट्यांची. मग दार अडतं कशामुळे? माझ्या पाहण्यात दोन कारणं. एक, दिलहे खाचेत सरसाने पक्के चिकटवलेले. मग ते फुगले की पट्ट्यांना ढकलतात. दुसरं, आणि हे दहांतल्या सात दारांत सापडतं: दार बसवताना खालून-वरून रंधून घेतलेलं आणि त्या कडा तशाच उघड्या सोडलेल्या. एक आरसा जमिनीवर ठेवून दाराची खालची कड पाहा. तिथे पॉलिश नसेल तर लाकूड तिथूनच पाणी पितं, कारण उभ्या पट्ट्यांची टोकं, म्हणजे झाडाच्या पाण्याच्या नळ्यांची तोंडं, तिथेच उघडतात.

भर श्रावणात रंधा मारू नका. आत्ता मारलात तर मार्च-एप्रिलमध्ये फट पडेल. दिवाळीनंतर दार आपोआप सुटं होईल, तेव्हा काढून चारही कडांना सीलर आणि पॉलिशचे हात द्या. त्यानंतरच्या पावसाळ्यात तरीही अडलं तर मग रंधा.

दाराचं लाकूड मुळात ओलंच वापरलं होतं का, हेही पाहता येतं. त्याच लाकडाचा उरलेला तुकडा सुताराकडे असेल तर स्वयंपाकघरातल्या काट्यावर त्याचं वजन करा. ओव्हनमध्ये शंभर अंशांच्या थोडं वर ठेवून दर काही तासांनी वजन करत राहा, कमी व्हायचं थांबलं की थांबा. ४०० ग्रॅमचा तुकडा ३२० वर आला तर गेलेलं पाणी ८० ग्रॅम, म्हणजे कोरड्या लाकडाच्या पंचवीस टक्के. दारासाठी बारा-चौदा टक्के असायला हवं. फळीच्या एका इंच जाडीला एक वर्ष सावलीत, हा जुन्या वखारींचा हिशेब होता. आता भट्टीत ते दिवसांत होतं, पण नीट करणारा भेटला पाहिजे. आमच्या वखारीतच एकदा "भट्टीतून काढलेला" म्हणून घेतलेला माल मी ओल मोजायचा मीटर न लावता विकला. चार महिन्यांनी गिऱ्हाईक आलं, हातात वाकलेली फळी घेऊन. सगळा माल परत घेतला. त्या दिवसानंतर मीटर लावल्याशिवाय एक फळी दाराबाहेर गेली नाही.

वखारीत बर्मा टीक, सी.पी., वलसाडी, घाना, आफ्रिकन टीक अशी नावं आणि प्रत्येकाचा दर वेगळा. यातलं खरं सागवान कोणतं? – एक वाचक, ठाणे

आफ्रिकन टीक सोडून बाकी चारही खरं सागवान. झाड एकच, फक्त माती, पाऊस आणि वय वेगळं. साग मुळात भारत, म्यानमार, थायलंड आणि लाओस या चार देशांच्या जंगलांतला. बाकी जगात तो लावलेला आहे. घानाहून, इक्वेडोरहून, पनामाहून येतं ते लागवडीचं सागवान. "आफ्रिकन टीक" या नावाखाली मात्र बहुतेक वेळा इरोको किंवा आफ्रोर्मोसिया नावाची निराळीच झाडं विकली जातात. लाकूड म्हणून ती वाईट नाहीत, चांगली टिकतात. पण सागाच्या भावात घेऊ नये.

बर्मा टीक हे नाव ऐकलं की गिऱ्हाईक हळवं होतं. तिथल्या जुन्या जंगलातला माल होता तसाच होता, सरळ धाग्याचा, लांबच लांब, बिनगाठीचा. तिथली एक पद्धत मला फार आवडते: तोडण्याच्या दोन-तीन वर्षं आधी झाडाच्या बुंध्याभोवतीची साल आणि पांढरं लाकूड कड्यासारखं काढून टाकायचं. झाड उभ्या-उभ्या मरतं आणि वाळतं. ओला साग पाण्यात बुडतो, असा वाळलेला तरंगतो. मग हत्ती ओंडके नदीपर्यंत ओढायचे आणि तराफे होऊन ते वाहत जायचे. पण १ एप्रिल २०१४ पासून म्यानमारने ओंडक्यांची निर्यात बंद केली. तेव्हा आज कुणी "हा बर्म्याचा ताजा ओंडका" असं सांगत असेल तर कागद मागा.

सी.पी. म्हणजे सेंट्रल प्रॉव्हिन्सेस, इंग्रजी अमदानीतला मध्य प्रांत. तो प्रांत जाऊन पाऊणशे वर्षं होत आली, नाव वखारीत राहिलं. त्यात आमचं चंद्रपूर, बल्लारशाह, आणि गडचिरोलीतलं आलापल्ली येतं. हा साग कमी पावसात, सावकाश वाढलेला. रंग गडद, रेघा उठावदार. नव्या संसद भवनासाठी सागवान नागपूरहून गेलं, अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी २०२३ मध्ये चंद्रपूर-बल्लारपूरहून गेलं. बातम्या वाचताना माझा ऊर भरून आला होता, हे लपवत नाही. वलसाडी म्हणजे गुजरातेतल्या डांगच्या बाजूचं. मुंबईच्या जुन्या घरांत ते भरपूर आहे.

तरीसुद्धा नावावर पैसे मोजू नका. एकाच जंगलातून आलेल्या दोन ओंडक्यांत जमीन-अस्मानाचं अंतर असतं. फळी हातात घ्या आणि दोन्ही टोकं पाहा. पांढरं किती, गाठी कुठे, धागा सरळ की फिरलेला, मधोमध खोडाच्या केंद्राचा पोकळ बिंदू आलाय का, तो असेल तर ती फळी चिरणार. डाग देऊन पांढरं तपकिरी केलेलं असू शकतं, तेव्हा नखाने खरवडा. देहरादूनच्या वन संशोधन संस्थेने भारतातल्या लाकडांची तुलना करताना सागाला १०० धरलं आणि बाकी प्रत्येक लाकडाची ताकद, आक्रसणं, आकार धरून राहणं हे त्या शंभराच्या प्रमाणात मांडलं. ताकदीत सागाला मागे टाकणारी लाकडं त्या तक्त्यात आहेत. पण बेताचं वजन, पुरेशी ताकद, आकार न सोडणं आणि कीड न लागणं हे सगळं एका ठिकाणी मिळणं दुर्मीळ.

सुतारकाम स्वतः करणाऱ्यांसाठी दोन गोष्टी जाता जाता. सागात वाळूचा अंश असतो, त्यामुळे रंध्याचं पातं लवकर बोथट होतं. धार वारंवार लावा. आणि त्याच्या तेलामुळे सरस नीट धरत नाही, तेव्हा जोडण्याच्या अगदी आधी सांधा थिनरच्या फडक्याने पुसून घ्या. भुशाने काहींच्या अंगाला खाज सुटते. मास्क आणि पूर्ण बाह्या हव्यातच.

मुंबईत सागाची लढाऊ जहाजं बनत असत हे खरं का? – एक विद्यार्थिनी, माझगाव

खरं आहे, आणि त्यातलं एक आजही पाण्यावर उभं आहे. इंग्लंडमध्ये हार्टलपूल बंदरात 'ट्रिंकोमाली' नावाची फ्रिगेट आहे. ती मुंबईच्या गोदीत, जमशेटजी बोमनजी वाडियांच्या देखरेखीखाली, मलबारच्या सागात बांधली गेली आणि १२ ऑक्टोबर १८१७ ला पाण्यात उतरली. नेपोलियनशी झालेल्या लढायांनंतर इंग्लंडात जहाजांच्या ओक लाकडाची टंचाई होती, म्हणून हे काम इकडे आलं. वाडिया घराणं मूळ सुरतेचं. लवजी नसरवानजी १७३६ साली मुंबईत आले तेव्हापासून पिढ्यान् पिढ्या ते जहाजं बांधत होते.

ओकपेक्षा साग का सरस, याचं एक कारण खिळा आहे. ओकमधल्या आम्लाने लोखंडी खिळा गंजतो आणि खिळ्याभोवतीचं लाकूडही सडतं. सागात तसं होत नाही, त्याचं तेल लोखंडाला सांभाळतं. मी जुन्या दारांतून काढलेले हाती घडवलेले खिळे पाहिलेत. डोकं गंजलेलं, पण लाकडाच्या आत राहिलेला भाग काळा आणि गुळगुळीत.

कापूस परवडेना. एक एजंट म्हणतो, बांधावर चारशे साग लावा, बाराव्या वर्षी झाडाला लाखभर मिळतील. रोपं तोच देणार. लावू का? – एक शेतकरी, दारव्हा, जि. यवतमाळ

दादा, साग जरूर लावा, पण या हिशेबावर लावू नका. १९९० च्या दशकात हेच आकडे छापून सागाच्या लागवडीच्या नावाने लोकांकडून पैसे गोळा केले गेले, अनेकांचे बुडाले, आणि १९९९ मध्ये सेबीला, म्हणजे गुंतवणुकीवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेला, अशा योजनांसाठी नियम करावे लागले. आमच्या ओळखीच्या एका शाळामास्तरांची निवृत्तीची रक्कम त्यात गेली. तेव्हापासून हा आकडा ऐकला की मी गप्प बसू शकत नाही.

हिशेब तुम्हीच करा. उभ्या झाडाचं किंवा ओंडक्याचं माप आपल्याकडे पाव घेराने करतात: मधला घेर इंचात, भागिले चार, त्याचा वर्ग, गुणिले लांबी फुटात, भागिले १४४. बारा नाही, वीस वर्षं धरा. जमीन चांगली असेल, निगा राखली असेल, तर छातीच्या उंचीला अडीच फूट घेर आला तरी समाधान मानावं. पंधरा फूट सरळ खोड, मधला घेर २४ इंच. चोवीस भागिले चार सहा, सहाचा वर्ग ३६, गुणिले १५, भागिले १४४. झाले पावणेचार घनफूट, सालीसकट. व्यास साडेसात इंच, दोन्ही बाजूंनी इंच-इंच साल आणि पांढरं गेलं की खरा गाभा निम्म्याच्या आसपास उरतो. या लाकडाला पिकलेल्या सागाचा दर मिळत नाही. वनखातं जंगलातला साग साठ-ऐंशी वर्षं राखतं ते काही उगाच नाही. भराभर वाढलेला साग कमजोर असतो असा एक समज आहे, तो मात्र खरा नाही. त्याची ताकद बरी असते, कमी असतो तो गाभा.

जमीन आधी पाहा. सागाला पाणी साठलेलं चालत नाही. तुमची भारी काळी, पावसाळ्यात चिबडणारी असेल तर झाडं खुरटतील. निचरा असलेली खोल जमीन, नाल्याकाठची गाळाची, ही त्याची आवडती. रोपं एजंटकडून न घेता वनखात्याच्या किंवा वन विकास महामंडळाच्या रोपवाटिकेतून घ्या. जडी मिळाली तर उत्तम; वर्षाच्या रोपाचं खोड दोन बोटं ठेवून वरचं छाटलेलं असतं आणि खाली बोटभर जाड मुळाचा तुकडा. पहिला चांगला पाऊस झाला की पहारीने भोक करून बसवायची आणि माती घट्ट दाबायची. पहिली दोन वर्षं गवत वाढू देऊ नका. बाजूचे फुटवे कोवळे असतानाच काढा, नाहीतर प्रत्येक फांदी म्हणजे लाकडात एक गाठ. दाट लावलीत तर पुढे विरळणी करावीच लागेल; वाढलेलं झाड काढायला जीव धजत नाही, पण न काढल्यास सगळीच काठ्यांसारखी राहतात.

बांधावर लावताना आपल्या हद्दीत आत सरकून लावा, सागाची सावली शेजाऱ्याच्या पिकावर पडली की वाद ठरलेला. आणि झाडांची नोंद सातबाऱ्यावर करून घ्या. साग शेतातला असला तरी १९६४ च्या झाडतोड नियमन कायद्याखाली तोडायला परवानगी लागते, वाहतुकीला परवाना लागतो, ओंडक्यावर हातोड्याचा शिक्का पडतो. नोंद असली की मालकी सिद्ध करायला तलाठ्याच्या दारात बसावं लागत नाही.

चारशेऐवजी शंभर लावा. मुलीच्या नावाने म्हणा, घराच्या चौकटींसाठी म्हणा. कापसाची जागा घेईल असं पीक म्हणून नको.

मावशी, आमच्या शाळेमागे सागाची झाडं आहेत. पान चोळलं की हात रक्तासारखे लाल होतात. आणि गणपतीनंतर पानांची जाळी होते. असं का? – इयत्ता पाचवी, संगमेश्वर

तू अगदी बरोबर पाहिलंस. कोवळं पान चोळलं की त्यातला लाल रंग बाहेर येतो. तो पानातच असतो, हिरव्याखाली लपलेला. पूर्वी सागाच्या पानांपासून कापड रंगवायचा रंगही काढत. साग ओळखायची ही सगळ्यांत सोपी खूण. एवढं मोठं, खरखरीत पान आणि चोळल्यावर लाल हात, की तो सागच.

जाळी करतात त्या छोट्या अळ्या. एक अळी पावसाच्या सुरुवातीला येते आणि जाड शिरा सोडून अख्खं पान फस्त करते. दुसरी पावसाच्या शेवटी येते, ती शिरांच्या मधलं हिरवं तेवढं खाते आणि बारीकसारीक शिरा जशाच्या तशा सोडते. तुझ्या शाळेमागे ही दुसरी आलेली दिसते. झाड यामुळे मरत नाही. त्या वर्षी वाढ थोडी कमी होते, आणि उन्हाळ्यात तर साग सगळी पानं स्वतःच टाकून देतो.

सध्या झाडाच्या शेंड्याला पांढऱ्या बारीक फुलांचे मोठे तुरे असतील. त्यातून पुढे फुगलेल्या कागदी पिशव्यांसारखी फळं खाली पडतील. एक पिशवी फोड आणि आतलं बी दगडाने फोडता येतं का बघ. खूप कठीण असतं. रोपवाटिकेत ते रात्री पाण्यात भिजवून दिवसा उन्हात वाळवतात, असं बरेच दिवस करतात, तेव्हा कुठे त्यातलं एखादं रुजतं. जाळीचं एक पान वहीत दाबून ठेव, आणि वाळलं की मला पाठव.